सुभद्राकाकीच्या गोळ्या

शिंगाळ्याचा काटा गुरूच्या तळव्यात घुसला, तसे तात्या सुकाणूवरून ओरडले, "धाकू, मूत मेल्या त्याच्या हातार!"

शिंगाळा म्हणजे मिशांचा, बिनखवल्यांचा मासा. पाठीवर करवतीसारखा काटा, आणि त्या काट्यात वीख. भर समुद्रात काटा लागला की ताजं मूत जखमेवर ओतायचं, हा आमच्या बंदरातला बापजाद्यांपासूनचा इलाज. त्याने गुण येतो का, हे कोणी विचारत नाही. दुसरं काही हाताशी नसतं.

गुरू, तात्यांचा धाकटा मुलगा, फळीवर बसला होता. मनगट दुसऱ्या हाताने आवळलेलं, कपाळावर घाम. मी जाळ्याचा दोर सोडून त्याच्यापाशी गेलो, पण तिघांच्या डोळ्यांदेखत काही केल्या होईना.

"काय रे, आज नळाक पाणी नाय?" पेद्रू म्हणाला. "की पंचायतीत अर्ज करूक होयो?"

एवढ्या कळांतही गुरू हसला. "धाकूशेट, आटपा. हात जाता माझो."

शेवटी मी पाठ फिरवली आणि चुलीजवळचा पांढरा इनॅमलचा मग उचलला.

"माझो चायचो मग तो! मेल्या, दुसरा काय गावला नाय तुका?" पेद्रू धावला, पण तोवर उशीर झाला होता.

तो मग घेऊन मी वळलो आणि उन्हात माझी नजर आत गेली. पांढऱ्या मगात झेंडूच्या फुलासारखं पिवळंजर्द पाणी. हळद कालवल्यासारखं म्हणावं, तर हळदीलाही एवढी चमक नसते. माझा हात तिथेच थांबला.

"ओत ना!" गुरू म्हणाला.

"तात्यानु," मी म्हटलं, "ह्यां बघा."

तात्यांनी सुकाणू सोडलं. लवूतात्या आमचे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, आणि होडीचे मालकही तेच. चालत्या होडीत त्यांनी सुकाणू सोडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मगात बघून त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, सावकाश गुरूच्या हातावर रिकामा केला, खाऱ्या पाण्याने विसळला आणि तो घेऊन ते स्वतः मागच्या बाजूला गेले. परत आले तेव्हा तो मग त्यांनी फळीवर ठेवला.

तेवढंच पिवळं.

मग गुरू. त्याचंही तसंच. पेद्रू सगळ्यांत शेवटी गेला. त्याचं मात्र पाण्यासारखं नितळ.

आम्ही चौघे त्या मगाभोवती उभे होतो. खाली इंजिन धडधडत होतं. आणि सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द आला होता.

आदल्या श्रावणात तात्यांचा थोरला, सदा, काविळीने गेला होता. आधी लघवी पिवळी, मग डोळे, मग नखं. खाडीकडच्या विहिरीचं पाणी बाधलं असं म्हणाले. आमच्या वाडीतली आणखीही दोन माणसं गेली, पण सदाचं जाणं सगळ्यांना लागलं. पाण्यात मासळीसारखा पोहणारा जवान, जाताना लिंबासारखा पिवळा आणि चिपाडासारखा वाळलेला. त्याला खांदा देताना हाताला वजनच लागलं नव्हतं.

"डोळे दाखव," तात्या मला म्हणाले.

त्यांनी माझी पापणी ताणून पाहिली. मी त्यांची. मिठाने आणि उन्हाने सगळ्यांचे डोळे तांबारलेले, त्यात खरं काय दिसणार? पण भ्यालेल्या माणसाला भ्यायचं तेच दिसतं.

"पिवळे आसत?" त्यांनी विचारलं.

"दिसतत थोडे," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता स्वतःची नखं उन्हात धरून बघितली.

"पेद्रूक कित्याक नाय मग?" गुरूने विचारलं.

तात्यांनी पेद्रूकडे बघितलं, मग चुलीवरच्या काळ्या किटलीकडे. पेद्रू होडीवर साधं पाणी पीत नसे. दिवसभर कोरा चहा. आम्ही त्याला 'गोरो सायब' म्हणून चिडवायचो.

"पाणी," तात्या म्हणाले. "पाणी बाधला. ह्यो एकटो उकळलेला पिता."

त्या खेपेला आमच्या धक्क्यावरच्या विहिरीचा तळ दिसू लागला होता. शिमगा चार-पाच दिवसांवर आलेला. सगळ्या होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या, पण सणाआधी एक खेप मारून येऊ म्हणून तात्यांनी शेजारच्या बंदरात पिंप भरून घेतलं होतं. मोठं निळं पिंप, मधल्या डोलकाठीला बांधलेलं. त्याच्याकडे आम्ही आता साप बघावा तसे बघत होतो.

"उकळून पिऊया," मी म्हटलं. "लाकडां आसत थोडी."

"सदाक काय कच्चा पाजला मी?" तात्या एकदम भडकले. "घरात उकळून, गाळून, फडक्यात गाळून दिला. तरी गेलो! आणि मधीच उठून, आमचो डोळो चुकवून त्या इहिरीर जाऊन पिऊन येय होतो. तान लागली की माणूस इचार करणां नाय रे धाकू. समोर पाणी दिसला की पिताच."

ते पिंपाकडे गेले आणि कोयत्याने दोर कापला.

"तात्यानु, घर लांब आसा," पेद्रू म्हणाला. "ऱ्हवांदे थोडा."

"तिनीसांजेक घरात पोचतलव. तितक्यात कोण मरणां नाय."

होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा. त्यांनी खांदा लावला. पिंप कलंडलं. ते पाणी एका दमात गेलं. समुद्रावर थोडा वेळ त्याचा गुळगुळीत डाग दिसला, मग तोही गेला.

"आता सगळ्यांनी गोळी घेवा," तात्या म्हणाले. "आज दोन-दोन. अंगात शक्ती ऱ्हवाक होयी."

त्या गोळ्या सुभद्राकाकीच्या. म्हणजे तात्यांच्या बायकोच्या. सदा गेल्यापासून काकी पोरांच्या, नवऱ्याच्या, अगदी आम्हा खलाश्यांच्याही तोंडाकडे बघत बसायच्या. कोण सुकलाय, कोणाचा रंग उडालाय. त्यांचा जावई आखातात कामाला होता. त्याने मोठी डबी पाठवली होती, ताकदीच्या गोळ्यांची, वरून लालचुटुक. डबीवरची अक्षरं इंग्रजी. मला तर तेव्हा मराठीही वाचता येत नव्हतं, आणि गुरूची सातवी त्या अक्षरांपुढे लंगडी पडली.

धक्क्यावर काकींनी ती डबी तात्यांच्या हातात देताना मी तिथेच होतो.

"रोज जेवल्यार एक. चौघांनीव."

"अगो, धडधाकट माणसांका औषध कित्याक?" तात्या हसले होते. "आजारी पडलव तर घेव."

"सदा काय आजारी होतो? धडधाकटच होतो," काकी म्हणाल्या. त्यावर तात्यांचं हसणं मावळलं. "माझी आण आसा. एकानव चुकवलात तर परत माझ्या हातचा जेव नकात."

तर आम्ही त्या गोळ्या रोज घेत होतो. किटलीतल्या चहाच्या एकेका घोटाबरोबर आम्ही तिघांनी दोन-दोन गिळल्या. पेद्रूनेही तोंडात टाकल्या आणि तो दुसरीकडे वळला.

जाळं अजून अर्धं पाण्यात होतं. ओढून घ्यायला वेळ गेला असता. तात्या म्हणाले, कापा. जाळं नवंकोरं होतं. पेद्रूने कोयता मारला. तात्यांनी हाक दिली, मी गिअर टाकला, आणि होडीखालून असा आवाज आला की कोणीतरी हाडं मोडतंय.

कापलेलं जाळं मागून वळून पंख्यात शिरलं होतं.

अशा वेळी पाण्यात उतरायचं काम गुरूचं. त्याच्यासारखा दम कोणाचा नव्हता. पण त्याचा हात तोवर कोपरापर्यंत सुजला होता. मी दातांत सुरी धरून उडी मारली. पुन्हा पुन्हा बुडी घेतली. दोर कापला, जाळं सोडवलं, पण पंख्याचा दांडा, शाफ्ट, वाकला होता. वर येऊन मी तात्यांना हाताने दाखवलं. ते खाली बसले. मग म्हणाले, "ताडपत्री काढ. शीड बांधूया."

शीड बांधलं, पण वाऱ्यात जीव नव्हता. जो होता तो उत्तरेचा. आमची होडी घराकडे तोंड करून दक्षिणेला सरकत राहिली. किनारा कुठे दिसत नव्हता. आणि समुद्रावर एक होडी नव्हती. सगळ्या बंदरांतून शिमग्याचे ढोल सुरू झालेले असणार.

पहिला दिवस आम्ही पेद्रूच्या किटलीवर काढला. तळाशी राहिलेला चहा त्याने झाकणाने वाटला. आधी गुरू, मग बाकीचे. स्वतः त्याने नुसती चहाची भुकटी चावली.

मग बर्फ. मासळीवर घातलेला बर्फ होता, पण दुसऱ्या दिवसाच्या उन्हाने त्याचा लगदा झाला. रक्त, खवले, चिकटा. आम्ही तो फडक्यात घालून पिळला आणि प्यालो. पेद्रू ओकला. मी ओकलो नाही, कारण ओकायला पोटात काही नव्हतं. त्या संध्याकाळी बर्फ संपला आणि मासळीला वास सुटला. ती आम्ही फावड्याने समुद्रात लोटली. भोवती कावळ्यांसारखे समुद्रपक्षी जमले. त्यांच्याकडे बघून गुरू म्हणाला, "हे पाणी खंय पितत?"



तहान म्हणजे घसा कोरडा पडणं, असं मला तोवर वाटायचं. तसं नसतं. जीभ लाकूड होते. आपलीच जीभ आपल्याला तोंडात परकी वाटते. थुंकी दोऱ्यासारखी निघते. डोळे मिटले की पाणीच दिसतं: आईने अंगणात शिंपडलेलं, गुरांच्या डोणीतलं, कोणीतरी चूळ भरून टाकलेलं. आणि उघडले की समोर पाणीच पाणी.

तात्या सारखे रिकाम्या पिंपाकडे बघत. त्यात हात घालून तळ चाचपून पाहत. एकदा त्यांनी गालही आत टेकवून पाहिला.

गुरूला ताप भरला होता. बोटं काळपट पडत होती. तो कधी सदाला हाक मारायचा, कधी बायकोला. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं.

"बाबा, पाणी," तो म्हणायचा.

"दितंय हां झिला. दितंय," तात्या म्हणायचे आणि ओलं फडकं त्याच्या कपाळावर ठेवायचे. खाऱ्या पाण्याचं.

लघवी आता आम्हाला जवळजवळ होतच नव्हती. झाली तर थोडी, गडद, जळजळ करत. ती बघून तात्या मान हलवत. "वाढली कावीळ," म्हणत. आणि डबी काढत. सगळं गेलं तरी काकीची आण राहिली होती. सकाळी ते एकेकाच्या हातावर गोळी ठेवत, देवळात पुजारी प्रसाद ठेवतो तशी.

त्या दिवशीही ठेवली. गुरूला त्यांनी ती चुरून जिभेवर लावली. मी माझी गालात धरली, कारण गिळायला लाळ नव्हती. पेद्रूने तोंडात टाकली, तोंड फिरवलं आणि कठड्यावर वाकला. तात्या त्याच्या मागेच होते.

"काय टाकलंस?"

पेद्रूने हाताने तोंड पुसलं.

"पेद्रू, काय टाकलंस पाण्यात?"

"तात्यानु, माका गोळी गिळाक जमणां नाय," पेद्रू म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "ल्हान होतंय तेव्हापासून. घशात अडकता, जीव जाता. काकीनी आण घातल्यानी म्हणान बोललंय नाय."

"आजच टाकलंस?"

"रोजच. एकव गिळूक नाय मी."

 तात्यांनी डबीतून एक गोळी काढली. नखांत धरून मोडली. वरचं लाल साल फुटलं, आतून पिवळी भुकटी निघाली. ती त्यांनी तळहातावर घेतली. तोंडात थुंकी नव्हती, म्हणून समुद्रात बोट बुडवून त्यांनी एक थेंब तिच्यावर सोडला आणि अंगठ्याने चोळलं.

तळहात झेंडूसारखा पिवळाजर्द झाला.

तो हात त्यांनी कितीतरी वेळ उन्हात उघडा धरला. मीही बघत होतो, पेद्रूही. मग तात्यांची मान वळली ती निळ्या पिंपाकडे. त्या माणसाच्या तोंडावर त्या वेळी जे होतं, ते मी आजवर कोणाला सांगू शकलेलो नाही, आताही जमणार नाही.

"तात्यानु, खात्री काय?" मी म्हटलं. "गोळयेचो रंग असात, पण..."

"गप ऱ्हव," ते म्हणाले. रागाने नव्हे. थकून.

ते उठून नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, गेले. तिथे लाल फडक्यात समुद्राचा नारळ बांधलेला असतो. खेप सुखरूप झाली की परतताना बंदराच्या तोंडाशी तो सोडायचा. त्याला हात लावायचा नसतो, उपाशी मेलं तरी. तात्यांनी तो सोडला, कपाळाला लावला, पुटपुटले आणि कोयत्याच्या पाठीने फोडला. पाणी मगात घेतलं. त्याच पांढऱ्या मगात.

गुरूला पाजलं. थोडं माझ्या तोंडात घातलं, थोडं पेद्रूच्या. तळाला राहिलं ते मी त्यांच्यापुढे केलं.

"तुमी घेवा."

"घेतंय," म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते गुरूच्याच ओठांत ओतलं.

"तात्यानु!"

"धाकू, ऐक," त्यांनी मला जवळ ओढलं. पेद्रूलाही खूण केली. "ह्यां सुभद्रेक कळता नये."

"काय?"

"गोळयेचा. तिणा डबी दिली. तिका वाटात तिणाच..." त्यांनी डबी पेद्रूच्या खिशात कोंबली. "पाणी मी ओतलंय. तिचो काय एक संबंध नाय. कावीळ झाली म्हणान सांगा. सदाक झाली, तशी बापाशीक झाली. तिका पटात तां. माझ्या गळयाची आण."

"तुमीच सांगा घराक जाऊन," पेद्रू म्हणाला.

तात्या हसल्यासारखे झाले. ओठ फुटले होते, त्यातून रक्त आलं.

त्यानंतर त्यांनी खोबऱ्याचा तुकडाही तोंडात घातला नाही. आपल्या अंगाची सावली गुरूवर पडेल असे बसून राहिले. ऊन फिरलं की तेही फिरायचे. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना सावली हलली नाही आणि ऊन गुरूच्या तोंडावर आलं, तेव्हा आम्हाला कळलं.

कारवारकडची एक लाँच आम्हाला दिसली, ती त्यानंतर. पेद्रूने अंगातला शर्ट काढून हलवला. मला उभं राहवत नव्हतं. त्या लोकांनी फडक्याने थेंब थेंब पाणी पाजलं, एकदम दिलं नाही. मी त्यातल्या एकाचा हात चावला, असं पेद्रू पुढे सांगायचा. मला आठवत नाही.

सरकारी दवाखान्यात गुरूचा हात वाचला, दोन बोटं गेली. आम्हाला बाटल्या लावल्या. रक्त तपासलं. डॉक्टर तरुण होता, कानडी वळणाचं मराठी बोलायचा.

"कावीळ?" तो म्हणाला. "कुणालाच नाही. पाणी का ओतून टाकलं तुम्ही?"

पेद्रूने खिशातून डबी काढली. डॉक्टरने ती वाचली आणि आमच्याकडे बघितलं.

"ह्यानं लघवी पिवळी होते. ह्यातलं एक जीवनसत्त्वच तसं पिवळं असतं. अंगाला नको ते बाहेर पडतं, त्यानं काही होत नाही. पण चांगली धट्टीकट्टी माणसं तुम्ही, मासे-भात खाणारी. रोज कशाला ह्या गोळ्या?"

आम्ही काय सांगणार? की एका आईचा मुलगा गेला होता, म्हणून?

दुसऱ्या दिवशी काकी आल्या. भावाबरोबर, एसटीने. आत येऊन त्यांनी आधी गुरूचं तोंड कुरवाळलं, मग मागच्या खोलीत जाऊन तात्यांना बघून आल्या. आल्या त्या माझ्या खाटेच्या कडेला बसल्या. रडल्या नाहीत. पदर मुठीत धरलेला.

"कसा झाला?" त्यांनी विचारलं.

"कावीळ," मी म्हटलं. "पाणी बाधला."

"तुमका नाय झाली?"

"झाली काकी. थोडी. बरी झाली."

 मग तो प्रश्न आला, ज्याची आम्ही कोणी तयारी केली नव्हती.

"गोळी घेय होते मां रोज?"

मी गुरूकडे पाहिलं. गुरूने डोळे मिटून घेतले. होय म्हणावं, तर ती बाई म्हणणार, मग गोळी घेऊन गेले कसे? आणि तिथून ती विचारत विचारत कुठवर पोचेल, सांगता येत नव्हतं. डॉक्टर बाहेरच्या पडवीत उभा होता.

"नाय काकी," पेद्रू म्हणाला.

आम्ही दोघेही दचकलो.

"तात्या घेयत नव्हते. तोंडात टाकीत आणि पाठ फिरवून समुद्रात थुकीत. मी बघितलंय. म्हणत, धडधाकट माणसाक औषध कित्याक."

काकींचं तोंड उघडं राहिलं. मग त्या उठल्या आणि दाराकडे तोंड करून, मागच्या खोलीतल्या तात्यांना ऐकू जावं अशा ओरडल्या, "हट्टी मेलो! जल्माचो हट्टी! माझी आण मोडल्यान! ह्या पोरांनी घेतल्यानी, ती जगली. तुका काय धाड भरली होती रे घेवक?"

आणि तेव्हा त्या रडल्या. भिंतीवर हात आपटून, त्याला शिव्या घालत रडल्या. राग आला नसता, तर ते रडणं बाहेर आलं असतं की नाही, कोण जाणे.

शांत झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं. पेद्रूच्या उशाशी डबी होती, ती उचलली. माझ्या हातावर एक गोळी ठेवली. गुरूच्या जिभेवर एक. मग पेद्रूपुढे उभ्या राहिल्या.

"घे. माझ्या डोळ्यांसमोर."

"पाणी दितंय हां," मी उठायला लागलो.

"नको," पेद्रू म्हणाला.

त्याने गोळी तोंडात टाकली. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. डोळे बाहेर आले, तोंड लाल झालं, दोन्ही हातांनी त्याने खाटेची पट्टी धरली. एकदा उबळ आली, ती त्याने ओठ आवळून परत आत ढकलली. मग त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. त्याने जीभ बाहेर काढून काकींना दाखवली, लहान मुलासारखी.

"शाणो माझो झील," काकी म्हणाल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढे काकी जगल्या तोवर दर खेपेला डबी घेऊन धक्क्यावर उभ्या असायच्या. आमच्याच नव्हे, कोणाच्याही होडीसाठी. कोणी विचारत नसे की धडधाकट माणसाला गोळी कशाला. सगळे हात पुढे करायचे. बंदराचं तोंड ओलांडलं की काहीजण ती पाण्यात सोडून द्यायचे, नारळ सोडतात तशी. पेद्रूने मात्र कधी सोडली नाही. घशाशी झगडत रोज एक गिळायचा.

पण काकींनी दवाखान्यात गोळ्या दिल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. पेद्रूने मला दाराशी येऊन खुणेने बोलावलं. मी भिंत धरत गेलो. मागच्या अंगणात चुना मारलेली नवी भिंत होती, खाली पांढरी वाळू. पेद्रू बोट दाखवत उभा होता.

वाळूवर झेंडूच्या रंगाचा डाग होता.

"माझीव," तो म्हणाला.

आम्ही तो डाग बघत राहिलो. पाण्याने भरलेलं निळं पिंप माझ्या डोळ्यांपुढे आलं, कलंडताना.

मागून काकींचा आवाज आला, "काय रे, काय बघतात थंय?"

"काय नाय, काकी," पेद्रू म्हणाला, आणि पायाने त्याच्यावर वाळू ओढली.